संवादफेक

खेळ हा शरीराचा असतो, कला ही आत्म्याची असते, आणि शहाण्या माणसाने योग्य वेळी शरीराचा निरोप घेऊन आत्म्याकडे वळावं, असं मनोऱ्याने एका संध्याकाळी खणखणीत आवाजात जाहीर केलं. जाहीर करताना त्याचा आत्मा कुठे होता ते सांगता येणार नाही, पण डोकं माळ्यावर होतं. खालून बायको म्हणाली,

"ते ठीक आहे. पण ही नव्हे हो, निळी बॅग."

मनोरा हे त्याला आईवडिलांनी दिलेलं नाव नव्हे. ते प्रेक्षकांनी दिलं होतं. आईवडिलांनी दिलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं, आणि तेही वीज कंपनी चुकीचं छापत असे. तो बास्केटबॉल खेळायचा, आणि खेळायचा म्हणजे पगारावर खेळायचा. चेंडू जाळीत टाकल्याबद्दल कुणी दरमहा पगार देतं, हे त्याच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. जावई घरी आला की ते आधी खेळाची आस्थेने चौकशी करत आणि मग आवाज खाली आणून विचारत, "आणि दिवसा काय करता?"

तर अशा माणसाला संघाच्या सरांनी त्या आठवड्यात बोलावून घेतलं होतं. मनोऱ्याचा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरायला लागला होता, आणि तो आवाज सरांच्या केबिनपर्यंत पोचला होता. सर म्हणाले, "आणखी एक हंगाम थांब. खेळशील थोडंच. बाकावर बैस, नव्या पोरांना चार गोष्टी सांग, गरज पडली की शेवटी उतर. मग पुढे माझ्या हाताखाली ये. तुझी जागा मी धरून ठेवतो."

यात वाईट काय आहे हे बायकोला कळेना. पगार तोच, जागा तीच, शिवाय बसायला मिळणार. पण मनोऱ्याच्या डोक्यात सगळ्या वाक्यातला एकच शब्द जाऊन बसला होता: बाक. ज्या माणसाला बघायला लोक उभे राहायचे, त्याने बसायचं? तेही लाकडी फळीवर, मांडीवर टॉवेल घेऊन?

"मी बसणारा माणूस नाही," तो माळ्यावरून म्हणाला.

"ते घरात दिसतंच आहे," बायको म्हणाली. "सोफा तुम्हाला पुरतच नाही."

आता आत्म्याकडेच का वळायचं, दुसरं काही का नाही, याला शेजारचे काका कारणीभूत होते. काका चाळीस वर्षांपूर्वी कचेरीच्या स्नेहसंमेलनात नाटकात द्वारपाल झाले होते. भूमिकेला एकच वाक्य होतं, "महाराज येत आहेत", पण त्या वाक्यावर काकांनी उरलेलं आयुष्य काढलं. इमारतीच्या वार्षिक सभेत मनोरा पाण्याच्या टाकीविषयी दोन शब्द बोलला, तेव्हा काकांनी त्याला जिन्यात गाठलं आणि मान खूप मागे टाकून म्हणाले, "अरे, तुझी संवादफेक फार उत्तम आहे. नटाची आहे ती, नटाची!"

काकांना त्याचं बोलणं म्हणायचं होतं. पण संवादफेक हा शब्द मनोऱ्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला, आणि त्यातली 'फेक' तेवढी त्याने अलगद झेलली. फेकण्यात तर आपलं आयुष्य गेलं! तो रात्रभर विचार करत राहिला. नट संवाद फेकतो, समोरचा झेलतो, परत फेकतो. मध्ये टाळ्या. हा तर आपलाच खेळ, फक्त घाम कमी. आणि अभिनय म्हणजे तरी काय? हूल! डावीकडे बघायचं आणि उजवीकडे द्यायचं. चेहऱ्यावर एक, मनात एक. अर्धं आयुष्य आपण दुसरं काय केलं? सकाळपर्यंत त्याची खात्री झाली होती की तो मूळचा नटच आहे आणि बास्केटबॉल ही मधली तालीम होती.

बायकोला हे ऐकवल्यावर ती इतकंच म्हणाली, "सरांना नाही म्हणू नका अजून. सांगा, विचार करतोय. बघा करून नाटकं, पण ती जागा राहू दे."

हे वाक्य वाचकांनी नीट लक्षात ठेवावं. मनोऱ्याने ठेवलं नाही.

नटाला पहिल्यांदा फोटो लागतो. फोटोवाल्याच्या स्टुडिओत मागे आकाशाचा एक निळा पडदा होता. मनोरा त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा आकाश त्याच्या छातीशी संपलं, आणि डोकं भिंतीवरच्या घड्याळाशेजारी गेलं. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, खाली केला, आपण स्वतः स्टुलावर चढून पाहिलं, आणि शेवटी तेच स्टूल मनोऱ्याच्या पायाशी ठेवून म्हणाला, "बसा ना साहेब. बसल्यावर माणसाचा चेहरा शांत येतो."

चेहरा खरोखरच शांत आला. एक भारदस्त, रुंद खांद्याचा, घरंदाज माणूस स्टुलावर बसला आहे; त्याने घर बांधलं असेल, बहिणींची लग्नं केली असतील, असं कुणालाही वाटावं. तो उभा राहिला तर काय होईल, याबद्दल फोटोत काहीही सुचवलेलं नव्हतं. काकांनी फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाले, "डोळ्यांत कारुण्य आहे." ते कारुण्य गुडघ्याचं होतं, कारण स्टूल फार ठेंगणं होतं.

नटाला दुसऱ्यांदा कार्ड लागतं. कलाकार मंडळाच्या कार्यालयात एक बाई बसायच्या. त्यांनी मनोऱ्याकडे न बघता विचारलं, "आत्ता काय करता?"

"व्यावसायिक खेळाडू आहे."

"म्हणजे पगार घेता?"

"अर्थात," मनोरा अभिमानाने म्हणाला. सासऱ्यांनंतर प्रथमच कुणीतरी हा प्रश्न सरळ विचारला होता.

"मग नाही मिळणार. दुसऱ्या व्यवसायात पगारी असलेल्याला आमचं कार्ड नाही. आधी ते सोडल्याचं पत्र आणा."

"पण मी रजेवर येतोय असं समजा की."

"रजेवर कलाकार होता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि हे वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या की ते त्यांनी त्या दिवशी बऱ्याच जणांना ऐकवलं असावं. मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं, पुष्कळ वर पाहिलं, आणि म्हणाल्या, "तेवढी ती पंख्याची पाती हलवून बघता का? अडकलीय."

मनोऱ्याने पाती सोडवली. पंखा सुरू झाला, आणि त्या वाऱ्यात त्याचं स्वाभिमानी डोकं आणखीच गरम झालं. तो तिथून तडक संघाच्या कार्यालयात गेला आणि राजीनामा देऊन आला. सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नक्की?" ते म्हणाले. "कला पूर्ण माणूस मागते, सर," मनोरा म्हणाला. एवढा पूर्ण माणूस कला कुठे ठेवणार आहे, असा प्रश्न सरांच्या चेहऱ्यावर आला, पण सर सभ्य गृहस्थ होते.

बाहेर पायरीवर भिंगरी बुटाची नाडी बांधत बसला होता.

भिंगरीबद्दल सांगायला हवं. हा संघातला सगळ्यात बुटका खेळाडू, मनोऱ्याच्या कोपराखालून आरामात निघून जाईल एवढा. दोघं अकरा वर्षं एकत्र खेळले, आणि त्यांच्या खेळाची गंमत अशी की ते एकमेकांकडे कधी बघत नसत. भिंगरी प्रेक्षकांकडे बघत चेंडू डोक्यामागे टाकायचा. तिथे मनोऱ्याचा हात असायचा. मनोरा पंचांकडे बघत चेंडू कमरेमागून सोडायचा. तिथे भिंगरी असायचा. प्रतिस्पर्धी कुणाच्या डोळ्यांकडे बघावं या विचारात म्हातारे झाले.

"दिलास म्हणे," भिंगरी नाडीकडे बघत म्हणाला.

"दिला. अरे, मालिकेत वगैरे दिसेन आता. तू बघशील घरी बसून."

"बघेन की." त्याने गाठ मारली, सोडली, परत मारली. "मनोऱ्या, मी आता न बघता कुणाकडे फेकू?"

"नव्या पोराकडे फेक. उंच आहे तो."

"नव्याकडे बघावं लागतं रे," भिंगरी म्हणाला.

मनोऱ्याला यावर काहीतरी नटासारखं बोलायचं होतं. पण संवाद कुणी लिहून दिलेला नव्हता. तो नुसताच भिंगरीच्या डोक्यावर थोपटून निघाला, सोडल्याचं पत्र मंडळात देऊन कार्ड घेऊन घरी आला, आणि बायकोला आधी कार्ड दाखवलं, मग बाकीचं सांगितलं. ती कार्डाकडे बराच वेळ बघत राहिली. "फोटो छान आलाय," ती म्हणाली. ती रागावली की असंच काहीतरी छान बोलत असे.

पण नशीब जोरावर होतं. फोटोने काम केलं. एका कौटुंबिक मालिकेला थोरल्या भावाची गरज होती: घराचा आधार, कमी बोलणारा, सोसणारा. दिग्दर्शकाने फोटो पाहिला आणि फोनवरच भूमिका देऊन टाकली. काकांनी साऱ्या इमारतीला सांगितलं, आणि सांगताना प्रत्येक मजल्यावर "पहिलं मी ओळखलं" हे वाक्य वेगवेगळ्या भावात म्हणून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावर तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शूटिंगच्या दिवशी मनोरा वाकून सेटवर शिरला आणि सरळ उभा राहिला. वरच्या दिव्यांपैकी एक त्याच्या कानाशी होता. मालिकेचा नायक, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, पुढे येऊन "दादा!" म्हणून मिठी मारायला गेला आणि त्याचं तोंड मनोऱ्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी आलं. कॅमेऱ्यात दोघांचे चेहरे एका वेळी मावेनात. नायक दिसला तर दादांचं पोट दिसे. दादा दिसले तर नायक नाहीसाच होई, आणि नायकाच्या करारात तसं चालणार नव्हतं.

दिग्दर्शकाने फोटो काढून पाहिला, मनोऱ्याकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. "तुम्ही फोटोत..." तो म्हणाला.

"बसलोय," मनोरा म्हणाला.

"हां!" दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. "मग बसा ना."

लेखकाला बोलावलं गेलं. त्याने उभ्या उभ्याच, म्हणजे तो स्वतः उभा राहून, प्रसंग बदलला. मालिकेतल्या दादांनी प्रतिज्ञा केली: या घरातलं भांडण मिटेपर्यंत मी या खुर्चीवरून उठणार नाही! सेटवर टाळ्या पडल्या. मालिकेतलं भांडण मिटतं तेव्हा मालिका संपते, आणि मालिका संपवणं कुणालाच परवडत नाही. म्हणजे मनोऱ्याची बसण्याची सोय कायमची झाली. 'मी बसणारा माणूस नाही' म्हणून जो घराबाहेर पडला होता, तो लाकडी खुर्चीवर बसला. तिथे टॉवेलसुद्धा नव्हता.

पण खरा घोळ पुढेच होता. प्रसंग साधा होता. दादांनी घराच्या किल्ल्यांचा जुडगा धाकट्या सुनेकडे टाकायचा आणि म्हणायचं, "आजपासून हे घर तुझं." सून तो झेलून डोळे पुसणार. एवढंच. टाकायचं आणि बोलायचं. संवादफेकच म्हणा ना. मनोऱ्याला मनातून बरं वाटलं. हे आपलं काम.

दिग्दर्शकाने खूण केली. मनोऱ्याने डावीकडच्या खिडकीकडे अत्यंत करुण नजरेने पाहिलं, आणि त्याच क्षणी कमरेमागून उजवीकडे जुडगा सोडला. फेक अप्रतिम होती. भिंगरी असता तर त्याने डोळे मिटून झेलली असती. पण सून संवाद ऐकायला एक पाऊल पुढे सरकली होती. जुडगा तिच्या कानामागून गेला, आणि मालिकेतल्या घरांच्या भिंती पातळ फळ्यांच्या असल्यामुळे, भिंतीतून आरपार जाऊन शेजारच्या मालिकेच्या दवाखान्यात पडला. तिथे एक आजी शेवटचा श्वास घेत होत्या. त्या उठून बसल्या.

आजींना परत झोपवण्यात बराच वेळ गेला.

"दादा," सून काम करणारी नटी घाबरून म्हणाली, "तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"नाही हो ताई. का?"

"माझ्याकडे बघतच नाही तुम्ही."

"ती इकडे आहे," दिग्दर्शक समजावून म्हणाला. "तिच्याकडे बघून टाका."

"मला माहीत आहे ती कुठे आहे."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग? प्रेक्षकांना कळायला हवं ना!"

"प्रेक्षकांना कळलं तर चेंडू जातो!" मनोरा कळवळून म्हणाला.

सेटवरच्या कुणालाही याचा अर्थ लागला नाही. पण मनोऱ्याला स्वतःला लागला. ज्या हुलेच्या जोरावर तो नट व्हायला आला होता, तीच उलटी होती. तिकडे मनातलं कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. इकडे तेच दाखवायचे पैसे होते.

त्याने मनापासून प्रयत्न केला, हे लिहून ठेवायला हवं. पण सुनेकडे पाहिलं की शब्द अडायचे, आणि शब्द आले की मान आपोआप खिडकीकडे वळायची. किल्ल्यांचा जुडगा काढून घेऊन त्याच्या हातात एक रबरी किल्ली देण्यात आली. संध्याकाळपर्यंत सगळे थकले. शेवटी दिग्दर्शकाने कॅमेरा खाली आणून फक्त हाताचा शॉट घेतला: हात, किल्ली, सुनेचे डोळे. आवाजही नंतर दुसऱ्या कुणाचा घालू, असं ठरलं. कारण मनोऱ्याचा आवाज, दिग्दर्शकाच्या शब्दांत, पलीकडच्या जाळीखाली उभ्या असलेल्या माणसाला हाक मारल्यासारखा येत होता.

तो भाग दाखवला गेला त्या दिवशी अर्धी इमारत मनोऱ्याच्या घरी जमली. काका पुढच्या खुर्चीत होते. मनोरा सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. भांडण झालं, आणखी भांडण झालं, सून रडली, आणि मग पडद्यावर एक खुर्चीची पाठ आली. खुर्चीच्या कडेने एक हात पुढे आला. परक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आजपासून हे घर तुझं." हात मागे गेला. जाहिराती लागल्या.

काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"हातात अभिनय आहे," काका म्हणाले.

"पण तुम्ही कधी येणार?" समोरच्या वहिनींनी विचारलं.

"येऊन गेलो," मनोरा म्हणाला.

सगळे गेल्यावर बायको कप गोळा करत होती. "मी लगेच ओळखला हात," ती म्हणाली. "अंगठ्याचं ते वाकडं नख. चेंडूने झालेलं." आणि मग ती छान असं काही बोलली नाही, म्हणजे ती आता रागावलेली नव्हती. मनोऱ्याला ते जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात मालिकेतले दादा परगावी गेले. खुर्चीवरून न उठण्याची प्रतिज्ञा केलेला माणूस परगावी कसा गेला, हे लेखकाला कुणी विचारलं नाही. घरात भांडण चालू होतं. मनोऱ्याला फोनवर कळवण्यात आलं. फोन करणारी मुलगी म्हणाली, "दिग्दर्शकांना तुमची बैठक फार आवडली."

मग तो एक दिवस सरांकडे गेला. केबिनच्या दारात वाकला आणि या खेपेला जरा वेळ तसाच वाकलेला राहिला.

"सर, मी म्हणत होतो... ते बाकावर बसायचं होतं ना? मी बसतो. आता मला सवय झाली आहे."

सर हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं. "अरे, हंगामाची नावं गेली," ते म्हणाले. "तुझी जागा मी शेवटच्या दिवसापर्यंत रिकामी ठेवली होती. तू मालिकेत आहेस असं कळलं म्हटल्यावर..." त्यांनी चष्मा काढला. "आता बाकावरसुद्धा जागा नाही रे. आणि हाताखाली घ्यायचं तर तिथेही वरच्यांनी दुसरा माणूस दिला."

"नाही नाही, बरोबर आहे," मनोरा म्हणाला. "मी सहज आलो होतो."

"मॅच बघायला ये," सर म्हणाले. "पहिली मॅच आहे रविवारी."

रविवारी तो बायकोला घेऊन गेला. इतकी वर्षं तो त्या इमारतीत खेळाडूंच्या दारानेच शिरला होता. प्रेक्षकांचं दार कुठे आहे हे त्याला एका पहारेकऱ्याला विचारावं लागलं. पहारेकऱ्याने ओळखलं. "टीव्हीवर येता ना तुम्ही?" तो म्हणाला. मनोऱ्याने होकारार्थी हात हलवला; म्हटलं, निदान हात तरी ओळखीचा वाटेल.

वरच्या रांगेत जागा मिळाली. गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत जाऊ नयेत म्हणून त्याने ते दोन्ही बाजूंना फाकवले, तेव्हा ते शेजाऱ्यांच्या मांडीवर गेले. बायकोने आपली पर्स त्यातल्या एकावर ठेवली. खाली नव्या लाकडासारखी चमकणारी तीच जमीन होती, बुटांचा तोच चीं-चीं आवाज. बाकावर टॉवेल घेतलेली पोरं बसली होती. केवढा रुंद, केवढा ऐसपैस बाक होता तो! मनोऱ्याने आजवर त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

नवा पोरगा खरंच उंच होता. चांगलाही होता. भिंगरी त्याच्याकडे बघायचा आणि द्यायचा, बघायचा आणि द्यायचा. आणि भिंगरीने बघितलं की समोरच्यांनाही दिसायचं.

"तुमचे मित्र दमलेत का हो आज?" बायकोने विचारलं.

"बघतोय तो," मनोरा म्हणाला. "म्हणून."

शेवटाला सामना अगदी बरोबरीत आला. सगळं सभागृह ओरडत होतं. भिंगरी दोघांच्या मधून निसटला, जाळीच्या डाव्या अंगाला आला, समोर तिघं उभे राहिले, आणि विचार करायला वेळच उरला नाही तेव्हा त्याने प्रेक्षकांकडे बघत चेंडू डोक्यामागे टाकला. उजव्या कोपऱ्यात. उंच. अगदी बिनचूक.

तिथे कुणी नव्हतं. नवा पोरगा शहाण्यासारखा जाळीखाली उभा होता. चेंडू रिकाम्या हवेतून गेला, भिंतीवर आपटला आणि सावकाश उड्या मारत परत आला. भिंगरी त्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. अकरा वर्षांत त्याने तिकडे पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मनोरा केव्हा उभा राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. उजवा हात वर, बोटं फाकलेली, वाकड्या नखाचा अंगठा बाहेर. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त फार लांब आणि फार वर. बायको त्याच्या शर्टाचं टोक धरून बसली होती, पण ओढत नव्हती.

एवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईंनी पाठीवर छत्रीच्या टोकाने हळूच टोचलं.

"अहो, जरा खाली बसता का? आम्हाला काही दिसत नाही."